कंबरेला पिस्तूल आणि मागे पोलिसांची लाइट: टेक्सासमधला माझा अनुभव

मी टेक्सासचं लायसन्स टू कॅरी (एलटीसी, म्हणजे पिस्तूल जवळ बाळगायचा राज्याचा परवाना) काढलं आणि त्यानंतर काही महिन्यांनी रात्री हायवेवर पोलिसांनी गाडी थांबवली, पिस्तूल कंबरेलाच होतं. डॅलसकडचे मित्र भेटले की विचारतात तेव्हा काय बोललास, हात कुठे ठेवलेस, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट, कारण आपल्या लोकांचा गोंधळ इथेच होतो. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल म्हणजे केंद्राच्या कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगायलाच मनाई आहे, टेक्सासचा कायदा काहीही म्हणो. हंटिंग लायसन्ससारखे ठराविक अपवाद आहेत पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका, गुन्हा दाखल झाला तर इतकी वर्षं थांबलेल्या ग्रीन कार्डवरही पाणी. ग्रीन कार्डवाल्यांना मात्र चालतं. मी पण कार्ड हातात आल्यावरच दुकानात गेलो, बंदूक खरेदीचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, एफबीआयचा बॅकग्राउंड चेक झाला आणि पिस्तूल घेऊन घरी. आमच्या साताऱ्याच्या काकांकडे बारा बोअर होती, परवान्यासाठी किती खेपा घातल्या आणि निवडणूक आली की ती पोलिस ठाण्यात जमा करायची हे मी लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे इथलं सोपेपण मला पहिल्यांदा जरा घाबरवूनच गेलं.

सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला लायसन्सशिवायही पिस्तूल जवळ ठेवता येतं. मग लायसन्स कशाला असं बायकोनेही विचारलं. एक म्हणजे ओक्लाहोमा, लुइझियाना अशी शेजारची राज्यं हे लायसन्स मानतात, दुसरं म्हणजे शाळेपासून १००० फुटांच्या आत पिस्तूल नेण्यावर फेडरल बंदी आहे आणि राज्याचं लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते, आणि आमच्या घरातून कुठेही निघालं तरी शाळा लागतेच. पण खरं कारण लायसन्ससाठी करावा लागणारा क्लास. मला कायदा कोणाकडून तरी नीट शिकून घ्यायचा होता.

४० डॉलर फी, बोटांचे ठसे, ऑनलाइन अर्ज, यात सांगण्यासारखं काही नाही. नेमबाजीच्या रेंजवरची परीक्षा ५० गोळ्यांची, ३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण लागतात, थोडी प्रॅक्टिस असेल तर पास होता. वर्गात मात्र कान देऊन बसा. भांडण न वाढवता कसं मिटवायचं, बळ कधी वापरता येतं, घरात पोरांच्या हाती लागणार नाही असं पिस्तूल कसं ठेवायचं, हे सगळं होतं आणि मग आमच्या इन्स्ट्रक्टरने बराच वेळ फक्त ट्रॅफिक स्टॉपवर, म्हणजे पोलिसांनी गाडी थांबवली तर काय करायचं यावर घालवला.

त्याने फिलँडो कॅस्टीलची केस सांगितली. ६ जुलै २०१६, मिनेसोटातलं फॅल्कन हाइट्स. ३२ वर्षांचा कृष्णवर्णीय माणूस, पिस्तुलाचं परमिट असलेला, ब्रेक लाइट बंद आहे म्हणून गाडी थांबवली, आणि त्याने स्वतःहून शांतपणे सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे. पुढच्या काही सेकंदांत पोलिसाने ७ गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची ४ वर्षांची मुलगी होती. तो आयडी काढत होता असं मैत्रिणीने सांगितलं, पिस्तूल काढतोय असं वाटलं हे पोलिसाचं म्हणणं, आणि २०१७ मध्ये ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. मला ती केस आजही पचत नाही. कायद्याप्रमाणे वागलेला माणूस होता तो. इन्स्ट्रक्टर म्हणाला, पाकीट पिस्तुलाच्या बाजूच्या खिशात कधीच ठेवू नका, आणि सांगितल्याशिवाय हात हलवू नका. माझं पाकीट वर्षानुवर्षं उजव्या मागच्या खिशात, पिस्तूलही उजवीकडेच बसणार होतं. त्याच दिवसापासून गाडीत बसलं की लायसन्स आणि इन्शुरन्सचा कागद वर सन व्हायझरला.

आता ती रात्र. ऑस्टिनहून येत होतो, वेकोच्या जरा पुढे मागे लाल-निळे दिवे. बायको शेजारी, मुलगा मागे झोपलेला. इंडिकेटर दिला, गाडी रस्त्याच्या कडेला शोल्डरवर घेतली, इंजिन बंद, आतला दिवा लावला, काच खाली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर. बायकोला म्हटलं हात मांडीवर ठेव आणि पर्समध्ये काही शोधू नकोस. ऑफिसर म्हणाला टेल लाइट गेलाय, लायसन्स दाखवा. टेक्सासमध्ये एलटीसी असेल आणि पिस्तूल जवळ असेल तर आयडी मागितल्यावर ड्रायव्हिंग लायसन्स आणि एलटीसी अशी दोन्ही कार्डं दाखवायची असतात, म्हणून मी हात न हलवता म्हणालो, "सर, माझ्याकडे लायसन्स टू कॅरी आहे आणि पिस्तूल माझ्या उजव्या कमरेला आहे. कार्डं वर व्हायझरला आहेत. तुम्ही सांगाल तसं करतो." गन हा शब्द पहिला तोंडातून काढायचा नाही, आधी लायसन्स म्हणायचं, हे पण क्लासमधलंच. माझं तोंड कोरडं पडलं होतं, कॅस्टीलनेही असंच सांगितलं होतं हे डोक्यातून जाईना.

त्याने मला डाव्या हाताने सावकाश कार्डं काढायला लावली, मग बाहेर बोलावलं. बाहेर ये म्हटलं की यायचंच, १९७७ च्या मिम्स केसमध्ये सुप्रीम कोर्टाने पोलिसांना तो अधिकार दिलाय, तिथे वाद घालू नका. मग माझ्या होल्स्टरमधून पिस्तूल त्याने स्वतः काढून घेतलं. सुरक्षेसाठी गरजेचं वाटलं तर ते घेऊ शकतात, तुमचा काही गुन्हा नसेल तर सोडताना परत द्यावं लागतं. मी नुसता उभा राहिलो, हात दिसतील असे.

मग त्याने अगदी सहज विचारलं, गाडीत एकदा बघू ना? काही लपवायचं नाही म्हणून आपली माणसं इथे पटकन हो म्हणतात, वर्दीला नाही म्हणणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. तो उद्धटपणा नाही, तो हक्क आहे, आणि नाही म्हणता येतं हे पोलिसांनी तुम्हाला सांगायलाच हवं असंही नाही. मी म्हणालो, "सर, सर्चला माझी संमती नाही, पण तुम्ही केलीत तर मी अडवणार नाही." दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं, कारण ठोस कारण असेल तर ते संमतीशिवायही बघू शकतात, आणि ते चूक की बरोबर हे कोर्टात ठरतं, रस्त्यावर भांडून नाही. तसंच टेल लाइटचं काम संपल्यावर उगाच ड्रग्ज हुंगणारा कुत्रा येईपर्यंत थांबवून ठेवता येत नाही, २०१५ ची रॉड्रिगेझ केस.

तो ओके म्हणाला, बस. लेखी वॉर्निंग दिली, पिस्तूल रिकामं करून, मॅगझिन वेगळं असं परत दिलं आणि मी गेल्यावर लोड करा म्हणाला. त्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी कशालाही हात लावला नाही. मुलगा झोपलेलाच होता.

यातलं बरंचसं टेक्सासचं आहे हे लक्षात ठेवा. मिशिगन, नॉर्थ कॅरोलिनामध्ये पोलिसांनी विचारायच्या आधी स्वतःहून सांगावं लागतं, ओहायोने २०२२ मध्ये ती अट काढून विचारलं तरच सांगा असं केलं. राज्य ओलांडायचं असेल तर निघायच्या आधी त्या त्या राज्याच्या सरकारी साइटवर बघा, फॉरवर्डवर विश्वास नको. बायकोलाही आता मी सगळं शिकवलंय, कारण पुढच्या वेळी कदाचित ती चालवत असेल आणि पिस्तूलवाला मी शेजारी असेन.