तुम्ही विचारलंत म्हणून: बसच्या मागे कुठली गाडी बांधावी?

लग्नाच्या पंगतीत विचारतात, टिळकवाडीच्या रेल्वे गेटापाशी थांबलेलं असताना शेजारच्या स्कूटरवरून विचारतात. परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं, "तुमची ती घराची बस आहे न्हवं, तिच्या मागं बांधायला कुठली गाडी बरी?" तोंड उघडं होतं, पण उत्तर देता येत नव्हतं. आता एकदाच देतो.

कुठलीच नको.

एवढ्यावर तुम्ही सोडणार नाही, ठाऊक आहे. कारण मी स्वतः बांधली होती, आणि ते अर्ध्या बेळगावला माहीत आहे. पुढं काय झालं ते मात्र प्रत्येकाला वेगळंच माहीत आहे. कुणी सांगतं जीप दरीत गेली, कुणी सांगतं पोलिसांनी धरली. दोन्ही खोटं.

शाळेची जुनी मिनीबस घेऊन तिच्यात खाटा आणि ओटा कसा बसवला, आरटीओच्या किती फेऱ्या झाल्या, ते तुम्ही ऐकलंय. मागे गाडी का हवी होती ते कुणी विचारत नाही. सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेत बस एकदा लावली की लावली. मग दुधाच्या दोन पिशव्या आणायच्या तर गाद्या गुंडाळा, गॅस बंद करा, भांडी बांधा आणि अख्खं घर घेऊन गर्दीत शिरा. घरात माणसं पाच आणि गाडी चालवणारा मी एकटा. बाबांना तेव्हा अठ्ठ्याहत्तरावं लागलेलं, डोळ्यांमुळे त्यांनी चालवणं सोडलेलं. म्हणजे लहान गाडी बरोबर हवी असेल तर ती ओढूनच न्यायची. हे गणित मला आजही चुकीचं वाटत नाही.

डोक्यात किडा घातला तो अमेरिकेतल्या आतेभावानं. त्याच्या मोटरहोममागे रँग्लर जीप चारही चाकांवर पळते, ड्रायव्हरशिवाय. तिकडे अशा गाडीला 'टोड' म्हणतात. ओढलेली आणि बेडूक, दोन्हींचा उच्चार एकच. व्हिडिओ कॉलवर तो तासभर बोलला आणि खरं सांगतो, जे बोलला ते बरोबर होतं. ऑटोमॅटिक गाडी सहसा चालत नाही, कारण गिअरबॉक्सला तेल पाजणारा पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद, चाकं मात्र फिरतायत, म्हणजे आतली चक्रं कोरडी घासतात. अपवाद होंडा सीआर-व्ही, तिकडे ती २०१४ पर्यंत लोक खुशाल ओढायचे. २०१५ ला तिच्यात सीव्हीटी नावाचा वेगळ्या जातीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला आणि ते बंद झालं. इलेक्ट्रिकचं नाव काढू नका. चाक फिरलं की मोटर फिरते आणि वीज तयार व्हायला लागते. कंपन्या सांगतात, उचलून न्या. सगळ्यांत सोयीची ती जुन्या पद्धतीची फोर बाय फोर. तिच्या ट्रान्सफर केसला, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीला, न्यूट्रल असतो. तो टाकला की चाकं आणि गिअरबॉक्स यांचा संबंध सुटतो.

माझ्या दारात तशीच गाडी उभी होती. बाबांची जिप्सी, मिलिटरीच्या लिलावातली. बाबा जनावरांचे डॉक्टर. खानापूर तालुक्यात असं गाव नसेल जिथं ती जिप्सी रात्री अडलेल्या म्हशीसाठी गेली नाही. वजन टनभर, पेट्रोल, मॅन्युअल गिअर, ट्रान्सफर केसला वेगळी लिव्हर. मला वाटलं, देवानंच धाडली.

उद्यमबागेतल्या वर्कशॉपात गाडी ओढायचा बार करून घेतला. तिथल्या माणसाला ओढण्याचं शिकवावं लागत नाही, जन्म उसाच्या ट्रॉल्यांचे हूक जोडण्यात गेलेला. त्यानं एकच विचारलं, "उतारावर ढकलणार की सर, ब्रेक?" अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ओढलेली गाडी ३,००० पौंडांच्या, म्हणजे साधारण १,३६० किलोंच्या वर गेली की तिला स्वतंत्र ब्रेक लागतो. जिप्सी त्याच्या खाली, म्हणून मी बिनधास्त. चिकोडी-निपाणीकडं हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर उतारावर कसा मान टाकतो ते लहानपणापासून बघूनसुद्धा बिनधास्त.

डिसेंबर २०१९. पहाटे निघालो, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गोव्याला. आदल्या दिवशी जिप्सी मी स्वतः धुतली. आतून पुसली, सीटखालच्या सुतळ्या, सिरिंजची रिकामी खोकी, कसले कसले तुकडे काढून टाकले. निघताना आतेभावानं सांगितलं तसं केलं: ट्रान्सफर न्यूट्रलला, आणि गिअर पहिल्यात. मॅन्युअल रँग्लरचं हँडबुक तसंच सांगतं. रँग्लरचं. जिप्सीचं हँडबुक आमच्याकडे नव्हतंच. मी म्हटलं, जीप ती जीप.

जांबोटी सोडली आणि रस्ता फुटलेला लागला. बस दणके खात होती, मागे जिप्सी दणके खात होती. बाबा शेवटच्या खिडकीशी बसले होते. ते म्हणाले, "जीप ओरडूलीय."

मी म्हटलं, "रस्त्याचा आवाज आहे, बाबा."

थोड्या वेळानं परत, "आरं, ओरडूलीय ती."

मुलं हसली. बायको म्हणाली थांबवा की, बघून घ्या. मी थांबवली नाही. एक तर मागे ट्रक होता. दुसरं म्हणजे, खोटं कशाला बोलू, उद्यमबागेपासून चोर्ल्यापर्यंत हे सगळं मी एकट्यानं जमवलंय याचा मला माज होता आणि म्हाताऱ्या माणसाला कान नसतात असं मी धरून चाललो होतो. ज्या माणसानं पन्नास वर्षं जनावराच्या पोटाला कान लावून काय अडलंय ते ओळखलं, त्याला. बस जड झालेली मला जाणवली होती. मी समजलो, चढ लागला.

दुधाचे कॅन लावलेला एक मोटरसायकलवाला शेजारून आला आणि हातानं दार बडवायला लागला. "धूर! मागनं धूर येऊलाय!"

उतरलो. डांबरावर तेलाची काळी रेघ, दूरपर्यंत. बॉनेट उघडायची गरज नव्हती. इंजिनाच्या आतला कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला होता, खालून दिसत होता.

झालं होतं ते असं. दणक्यांनी लिव्हर न्यूट्रलमधून सुटून शेजारच्या फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या सगळ्यांत सावकाश टप्प्यात, पडली होती. फोर-लो आणि पहिला गिअर म्हणजे चाक एकदा फिरलं की इंजिन तीसेक वेळा फिरणार. ताशी चाळीसला तसलं चाक मिनिटाला तीनशेच्या वर फिरतं. गुणाकार तुम्हीच करा. चावी बंद असलेलं इंजिन आम्ही रस्त्यावरून फरफटत दहा हजारांनी फिरवत होतो.

बाबा सावकाश उतरले. इंजिनकडं त्यांनी बघितलंच नाही. दार उघडून आत वाकले आणि लिव्हरच्या बुडाशी हात फिरवत राहिले. मग मला विचारलं, "हितली ट्यूब कुठं गेली?"

सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी. लिव्हरला एक वेढा आणि सीटच्या पायाला गाठ. ती लिव्हर कितीतरी वर्षं सुटत होती आणि बाबांनी कितीतरी वर्षं ती तशी बांधून ठेवली होती. आदल्या दिवशी मी ती कचरा म्हणून कापून फेकली होती. त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. तिथं उभं राहून मी त्यांना म्हणालो, "सांगायचं नाही का आधी?" या सगळ्यातलं हे वाक्य मला परत घेता आलं तर मी इंजिनसुद्धा मागणार नाही.

आता कायद्याचं, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. आपल्याकडच्या नियमात दुसऱ्या गाडीनं ओढायची ती बंद पडलेली गाडी, अर्धवट जोडलेली गाडी, नोंदणी झालेला ट्रेलर किंवा साइडकार. धडधाकट गाडी सहलीला ओढून नेणं त्यात बसत नाही. मला हे माहीत होतं का? अर्धं. एकानं सांगितलं होतं, मी ऐकून सोडून दिलं होतं. गंमत बघा, पहाटे बेळगावातून निघालेली चालती जिप्सी नियमाबाहेर होती, आणि तिचा जीव गेल्यावर तीच जिप्सी त्याच बारनं परत बेळगावला ओढून नेताना निदान त्या यादीत बसली. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागे 'ऑन टो' असा फलक हवा. पुठ्ठ्यावर मुलीनं लिहिला, इंग्रजीत. खाली मराठीत लिहू का, कन्नडमध्ये लिहू, असं तिनं विचारलं तेव्हा दिवसात पहिल्यांदा बाबा हसले. "तिन्हीत लिही," म्हणाले, "बेळगावची गाडी हाय."

तेव्हाचा मी अजून माझ्याशी वाद घालतो. म्हणतो, चूक ट्यूबची होती, कल्पनेची नव्हती. ट्यूब असती तर लिव्हर सुटली नसती, गिअरही न्यूट्रलला असता तर ती सुटूनही इंजिन फिरलं नसतं आणि तू आज लोकांना गाड्यांची नावं सांगत बसला असतास. मी म्हणतो, पुढं चोर्ल्याचा उतार होता, मागून बिनब्रेकचं टनभर वजन होतं आणि बसमध्ये दोन पोरं होती. इंजिन मेलं म्हणून आपण वाचलो. तो म्हणतो, हे तुला वाटतंय. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणून जिमनी चालेल का, थार चालेल का असं मला विचारू नका. त्या गाडीचं हँडबुक उघडा, नियम वाचा, आणि मग गाडी वापरणाऱ्या माणसाला विचारा की आत काय काय बांधून ठेवलंय.

जिप्सीत जुनं इंजिन मिळवून बसवलं. सध्या भाचा ती बसच्या मागून चालवत येतो. डिझेल वेगळं, पेट्रोल वेगळं, कोगनोळीला टोल दोनदा. जे वाचवायला हे सगळं केलं ते सगळं आता भरतो. बाबा बसमध्ये बसत नाहीत, जिप्सीत भाच्याच्या शेजारी बसतात. लिव्हरला नवी ट्यूब आहे. गाठ त्यांनीच मारली, मी बॅटरीचा उजेड धरून उभा होतो.

बार माळ्यावर आहे. भंगारवाला दोनदा येऊन गेला, दिला नाही.