कागदाची वाटी, थरावर थर

मुलांबरोबर घरी हस्तकलेची वस्तू करायची तर ती एका बैठकीत पूर्ण झाली पाहिजे, असा माझा कित्येक दिवस आग्रह असे. कागदी पंखे, होड्या, पुठ्ठ्याचे मुखवटे असे तासाभरात उरकणारे प्रकार आम्ही करत होतो. ते हौसेने होत आणि दुसऱ्या दिवशी कपाटाच्या मागे पडलेले सापडत. नऊ वर्षांच्या मुलीने या सुटीत "जे खरोखर वापरता येईल असे काहीतरी करू या" असे म्हटले, तेव्हा रद्दी कागदाच्या पट्ट्या खळीत बुडवून त्यांची वाटी करायचे ठरले. साडेपाच वर्षांच्या धाकट्यालाही झेपेल आणि कात्रीचे काम जवळजवळ नसेल, एवढ्या दोनच गोष्टी मी तेव्हा पाहिल्या होत्या.

आमची पहिली वाटी फुकट गेली आणि चूक सर्वस्वी माझी होती. मुलांचा उत्साह टिकून आहे तोवर काम संपवावे, या घाईत मी एकाच दुपारी सहा थर चढवू दिले. वरचा थर दुसऱ्या दिवशी वाळल्यासारखा दिसला, पण आतल्या थरांतले पाणी बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. पाचव्या दिवशी तळाशी काळपट ठिपके दिसू लागले आणि कुबट वास येऊ लागला. पिठाची खळ म्हणजे बुरशीचे अन्नच. त्यात ओल आणि कोंडलेली हवा मिळाल्यावर आणखी काय होणार? मुलगी काही बोलली नाही, फक्त वाटी हातात घेऊन बराच वेळ तळाकडे पाहत राहिली. बुरशी लागलेली वस्तू मुलांच्या हाताळण्यात राहू नये म्हणून ती टाकून दिली आणि दोन दिवसांनी नव्याने सुरुवात केली.

या वेळी खळ नीट केली. एक वाटी मैदा आधी थंड पाण्यात कालवून त्यातल्या सगळ्या गुठळ्या मोडल्या, मग एकूण पाच वाट्या पाणी होईल इतके घालून मंद आचेवर सतत ढवळत राहिले. पीठ साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी शोषून फुगायला लागते, त्यामुळे बराच वेळ दुधासारखी पातळ दिसणारी खळ थोड्याच वेळात दाट होते आणि तिला किंचित पारदर्शक चकाकी येते. ती चकाकी दिसली की आच बंद करायची. बुरशी रोखण्यासाठी त्यात चमचाभर मीठ घातले. जास्त मीठ हवेतली ओल ओढून घेते, म्हणून चमचाभरच. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची रीत आहे, पण मोरचूद विषारी असतो आणि जिथे मुलांची बोटे खळीत बुडणार आहेत तिथे तो कदापि वापरू नये.

पट्ट्या फाडण्याचे काम धाकट्याकडे होते आणि या साऱ्या उद्योगातला सर्वांत मोठा शोध त्यानेच लावला. वर्तमानपत्राचे पान एका दिशेने फाडले की सरळ, लांब पट्टी निघत होती. तेच पान आडवे फिरवून फाडले की फाट वेडीवाकडी जाऊन तुकडा मध्येच तुटत होता. त्याने हे मला चार-पाच पानांवर करून दाखवले. कागद यंत्रावर तयार होताना त्यातले बरेचसे तंतू कागद पुढे सरकतो त्याच दिशेने लांबीने पडतात, म्हणून त्या दिशेने तो सहज फाटतो, हे मी त्याला सांगितले. ते त्याला कितपत कळले ते माहीत नाही, पण त्यानंतर नवे पान हाती आले की तो आधी त्याचा कोपरा दोन्ही बाजूंनी थोडा फाडून दिशा ठरवू लागला. पट्ट्या कात्रीने का कापायच्या नाहीत, हा मुलीचा प्रश्न होता. तिला एक कापलेली आणि एक फाडलेली पट्टी शेजारी शेजारी चिकटवायला सांगितली. कापलेल्या पट्टीची कड बोटाला पायरीसारखी लागते. फाडलेल्या कडेचे तंतू मोकळे सुटलेले असतात, ते खळीत भिजून खालच्या कागदात मिसळून जातात आणि जोड हाताला जाणवतही नाही. तिने डोळे मिटून दोन्ही कडांवरून बोट फिरवले आणि कात्री स्वतःच खोक्यात ठेवून आली. मासिकांचे गुळगुळीत कागद मात्र आम्ही बाजूला काढले, कारण त्यांच्यावरच्या लेपामुळे खळ आत मुरत नाही.

साचा म्हणून मुलीने एक गोलसर भांडे निवडले. त्याला बाहेरून तेलाचे बोट फिरवून घेतले आणि पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांचा दिला, म्हणजे कागद भांड्याला चिकटू नये. पुढचे थर खळीचे. वर्तमानपत्राच्या थरावर जुन्या वहीच्या कोऱ्या पानांचा थर, त्यावर पुन्हा वर्तमानपत्राचा, अशी आलटून पालटून रचना ठेवली, त्यामुळे कुठे पट्टी लावायची राहिली आहे ते मुलांना माझ्या मदतीशिवाय दिसत असे. दिवसाला एकच थर, असा नियम केला.

या नियमामुळे दिवसातले काम वीस मिनिटांचे आणि वाट पाहणे चोवीस तासांचे झाले. सुरुवातीला मुले दर अर्ध्या तासाने "वाळले का?" म्हणून विचारत. मग मी त्यांना दोन खुणा शिकवल्या. भांडे गालाला लावून पाहायचे. ओल शिल्लक असेल तर बाष्पीभवनामुळे कागद थंड लागतो, पुरता वाळला असेल तर लागत नाही. दुसरी खूण टिचकीची. ओल्या थरावर टिचकी मारली की दबका आवाज येतो, वाळलेल्या थरावर खणखणीत. सकाळी उठल्यावर धाकटा तोंड धुण्याआधी भांड्याला गाल लावून बसलेला असे.

तिसऱ्या रात्री माझ्या हातून एक गोष्ट झाली, ती इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. धाकट्याच्या बाजूच्या पट्ट्या चुरगळलेल्या होत्या, एकीवर एक चढलेल्या होत्या. मुले झोपल्यावर मी त्यातल्या काही काढून नव्या, सपाट पट्ट्या लावल्या. सकाळी त्याने भांडे गालाशी नेले आणि लगेच खाली ठेवले. "माझा उलटा आठ कुठे गेला?" त्याने पट्ट्यांतून शोधून एक मोठा छापील आकडा मुद्दाम उलटा चिकटवला होता आणि तो नेमका माझ्या सपाट पट्टीखाली गेला होता. मी त्याला खरे ते सांगितले आणि क्षमा मागितली. त्याने तसाच दुसरा आकडा शोधून पुढच्या थरात लावला. त्यानंतर मी फक्त माझ्या वाट्याच्या भागावर हात चालवला. आज तो चुरगळलेला भागच वाटीचा सर्वांत टणक भाग आहे, कारण तिथे नकळत दुप्पट कागद बसला आहे.

सहा थर पुरे झाल्यावर कवच काढायला गेलो आणि ते निघेना. भांडे पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते होते. तोंडाच्या वर कागद चढवल्यावर तो पोटावरून निसटणार कसा, हा विचार निवडतानाच व्हायला हवा होता. शिवाय कागद वाळताना आकसतो, त्यामुळे कवचाने भांड्याला चांगलीच मिठी मारली होती. आता ते चिरावे लागणार, हे ऐकून मुलगी रडवेली झाली. चीर मी धारदार पात्याने मारली, पण कुठे मारायची ते तिने पेन्सिलीने आखून दिले. दोन अर्धुके अलगद सुटली. त्यांच्या कडा जुळवून आतून-बाहेरून बोटभर रुंदीच्या पट्ट्यांचे दोन थर दिले आणि त्यासाठी आणखी दोन दिवस थांबलो. या वेळी थांबायला कोणी कुरकुरले नाही.

पुढचे काम मानाने लवकर झाले. बारीक पॉलिश पेपरने कडा घासल्या आणि छापील अक्षरे रंगातून वर दिसू नयेत म्हणून आधी पांढऱ्या रंगाचा हात दिला. पोस्टर रंग वापरताना ब्रश फार ओला ठेवू नये, नाहीतर कागद पुन्हा मऊ पडतो. आमच्या वाटीचा तळ त्यामुळे एका जागी थोडा बसला. वरून पाणी घातलेल्या पांढऱ्या डिंकाचा एक हात दिला, तोही ब्रश एकदाच फिरवून, कारण पुन्हा पुन्हा फिरवल्यास खालचा रंग सुटून येतो. जोडाची रेघ रंगातूनही दिसत होती. ती झाकण्याऐवजी मुलीने तिच्यावर निळा रंग भरून तिची नदी केली, दोन्ही काठांवर झाडे काढली, आणि चुरगळलेल्या बाजूला धाकट्याने डोंगर केले, कारण ते तिथे आधीच होते.

वाटीत आता सुटी बटणे असतात. उचलणारा प्रत्येकजण ती आधी गालाला लावतो, मग एक टिचकी मारतो.