शेंड्यापासून विणलेली टोपी

डिसेंबर लागला की निफाडचा पारा किती उतरला याची बातमी नाशिककर सकाळच्या चहाबरोबर वाचतात, आणि आमचे बाबा ती वाचून झाल्यावरच कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅककडे निघतात. डोक्यावर केस फारसे उरलेले नसल्यामुळे, दोन सुयांवर सपाट विणून मागे शिवलेल्या टोपीची शिवण त्यांना टोचते. म्हणून यंदा मी त्यांच्यासाठी शेंड्यापासून खाली गोल विणत येणारी, बिनशिवणीची टोपी करायला घेतली.

या पद्धतीतला खरा त्रास पहिल्या चार-पाच फेऱ्यांतच असतो. मोज्यांच्या पाच सुयांपैकी चारांवर दोन-दोन असे ८ टाके घेऊन पाचवीने विणू लागले, की हातात साळिंदर धरल्यासारखे वाटते. पुढे टाके वाढले की हात बसतो, आणि कामाची सुलट बाजूच सतत समोर राहत असल्यामुळे काठ येईपर्यंत एकही उलट टाका विणावा लागत नाही.

सगळी मेख टाके वाढवण्यात आहे. वर्तुळाचे आठ भाग मानून, एक फेरी सोडून दुसऱ्या फेरीत प्रत्येक भागात एक, म्हणजे एकूण ८ टाके वाढवले, तर शेंडा बशीसारखा सपाट पडतो. मी पहिल्या खेपेस उत्साहाने प्रत्येक फेरीत वाढवले आणि त्याला कोबीच्या पानासारखी झालर आली. याउलट वाढ फार विरळ ठेवली तर टोपीचा मोदक होतो. वाढवताना दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून त्याला पीळ देऊन विणावा, कारण पीळ विसरला की तिथे भोक पडते. प्रत्येक भागाच्या शेवटी रंगीत दोऱ्याची कडी अडकवली, की मोजण्याचा ताप वाचतो.

बाबांच्या डोक्याचा घेर ५४ सेंटीमीटर. टोपी किंचित ताणून बसावी म्हणून मी ४८ धरला. माझ्या लोकरीचे आठ नंबरच्या सुयांवर १० सेंटीमीटरला २० टाके बसत होते, म्हणजे ९६ टाके हवे होते आणि ते अकरा वाढीच्या फेऱ्यांत पूर्ण झाले. तिथून पुढे वाढ थांबवून सरळ विणत जायचे आणि मधूनच टाके लांब दोऱ्यावर घेऊन टोपी डोक्यावर घालून पाहायची. खालून विणलेल्या टोपीत ही सोय नाही, कारण तिथे घेराचा अंदाज पहिल्याच टाक्याला बांधावा लागतो.

शेवटचे ५ सेंटीमीटर दहा नंबरच्या, म्हणजे आठपेक्षा बारीक सुयांवर एक सुलट, एक उलट विणले. टाके बंद करताना मात्र जाड सुई घेऊन हात सैल सोडावा, नाहीतर काठ कपाळावर करकचून बसतो.

बाबांनी टोपी घातली, आरशात पाहिले आणि कानांवर अजून दोन बोटे हवी असल्याचे सांगितले. मी बंद केलेला काठ तेवढा उसवला, टाके पुन्हा सुयांवर घेतले आणि त्याच रात्री ती दोन बोटे विणून दिली.