गाठ अजून आतच आहे

सोमवार, रात्री

बायोप्सीचा रिपोर्ट आला. इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड ३. म्हणजे दूधनलिकेत सुरू झालेला आणि नलिकेची भिंत ओलांडून बाहेर आलेला कॅन्सर. नवऱ्याने कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. मागची बाजू कोरी होती, तरी बराच वेळ तीच बघत बसला.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तोही भलत्याच गोष्टीचा. रिपोर्टवर माझं नाव चुकीचं छापलं होतं. ते दुरुस्त करून मिळेपर्यंत काउंटरवरून हलले नाही. मागे रांग वाढत होती, वाढू दे.

आता हात सारखा गाठीकडे जातोय. डावीकडे, वरच्या बाहेरच्या भागात आहे. दुखत नाही. ‘दुखत नाही ना, मग साधीच असेल,’ असं मला जवळजवळ प्रत्येकीने सांगितलं होतं. कॅन्सरच्या बऱ्याचशा गाठी सुरुवातीला दुखत नाहीत, हे त्या सांगणाऱ्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

मंगळवार

दिवसभर फोन. धाकटी ननंद बातमी ऐकून आधी गप्प झाली, मग तिने एकदम सूत्रं हातात घेतली. “वहिनी, उद्याच्या उद्या ऑपरेशन. आणि अर्धवट काही ठेवू नकोस. सगळं काढून टाकायचं, विषय संपला.” भाऊही तेच म्हणाला. तण उपटताना मूळ राहिलं तर पुन्हा उगवतं, हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की त्यात शंकेला जागाच नाही.

माझ्या तरी कुठे होती? मी मनात बॅग भरून तयार होते.

बुधवार

सर्जन बाईंनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. ग्रेड म्हणजे पेशी मूळच्या पेशींपासून किती बदलल्यात. ३ म्हणजे बऱ्याच. स्टेज वेगळी, ती आजार किती पसरलाय ते सांगते. मी हे दोन्ही एकच समजून रात्रभर ‘तिसरी स्टेज’ म्हणत तळमळत होते. गाठ २.४ सेंटिमीटरची आहे आणि सोनोग्राफीत काखेतल्या ग्रंथी ठीक दिसतात.

ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे हा कॅन्सर हार्मोन्सवर वाढतो. म्हणून पुढे निदान ५ वर्षं रोज एक गोळी. हर-टू, म्हणजे पेशींना वाढायला सांगणारं एक प्रथिन, ते मात्र अधांतरी आलंय, २ प्लस. ० किंवा १ प्लस असतं तर निगेटिव्ह, ३ प्लस असतं तर पॉझिटिव्ह. २ प्लसवर निर्णय देता येत नाही, म्हणून त्याच नमुन्यावर ‘फिश’ नावाची तपासणी करायची. पेशीच्या केंद्रकात हर-टूच्या जनुकाच्या किती प्रती आहेत, ते चमकणारे ठिपके मोजून बघतात.

मी म्हटलं, “ते सावकाश मोजा, तोवर ऑपरेशन करून टाकू.”

त्या म्हणाल्या, “आधी काय आणि नंतर काय, हे त्याच रिपोर्टवर ठरणार आहे. ही गाठ काही गेल्या आठवड्यात झालेली नाही. नीट ठरवायला थोडे दिवस लागले तर बिघडत नाही. घाईत चुकीच्या क्रमाने सुरू केलं तर मात्र तो क्रम मागे नेता येत नाही.”

मग त्यांनी ऑपरेशनचे पर्याय सांगितले. गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढून नंतर रेडिएशन, नाही तर पूर्ण स्तन काढणं. माझ्या बाबतीत दोन्ही शक्य आहे, निवड माझी. खरं सांगते, मला निवड नको होती. कुणीतरी ‘हे करा’ म्हणावं एवढंच हवं होतं.

शुक्रवार

झोप येत नाही, म्हणून वाचते. डॉक्टरांनी दिलेली माहितीपत्रकं संपली, म्हणून इतिहासाकडे वळले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड नावाचे सर्जन स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी असं सगळं एकत्र काढत. कॅन्सर एका जागेतून कडेकडेने पसरत जातो, तेव्हा जितकं दूरवर कापाल तितकं बरं, असा त्यांचा हिशेब होता. पुढची कितीतरी दशकं हाच नियम राहिला. बायकांच्या छातीच्या फासळ्या कातडीखाली दिसायच्या, हात सुजायचे.

थोडक्यात, हॉल्स्टेड आणि माझी ननंद एकाच मताचे.

मग अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७० च्या दशकात तुलना करून बघायचं ठरवलं. काही बायकांचा पूर्ण स्तन काढला, काहींचा फक्त गाठीचा भाग काढून रेडिएशन दिलं. दोघांचेही २० वर्षांचे निकाल २००२ साली प्रसिद्ध झाले. जगण्यात फरक नाही. स्तन राखला तर त्याच जागी गाठ पुन्हा येण्याची शक्यता थोडी जास्त राहते, हे खरं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण आयुष्य त्याने कमी होत नाही. जिवाला धोका असतो तो रक्तातून आधीच बाहेर पडलेल्या पेशींचा, आणि त्या सुरीच्या टप्प्यात नसतात.

हे वाचून मला धीर आला की भीती वाटली, सांगता येत नाही. ‘काढून टाकलं की संपलं’ यात एक सोय होती. ती गेली.

रविवार

आज लेकीशी बोलले. ती एकोणीस वर्षांची आहे. आतापर्यंत ती माझ्याशी फक्त कामाचं बोलत होती. रिपोर्ट कुठल्या फाइलमध्ये, मोबाइल चार्जिंगला लावलास का, असं.

“आई, तुझी ती जीन टेस्ट करणारेत ना?”

करणार आहेत. बीआरसीए १ आणि २, ही दोन जनुकं; त्यांत बिघाड असला तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो. स्तनाच्या कॅन्सरपैकी जेमतेम ५ ते १० टक्के असे वारशाने येतात. माझ्या आई-मावश्यांमध्ये कुणालाच नव्हता, पण बिघडलेलं जनुक वडिलांकडूनही येतं, आणि वडिलांना बहिणी नव्हत्या. तिकडचं काही कळायला मार्गच नाही.

“तुझ्यात सापडलं तर माझ्यात असण्याची शक्यता निम्मी,” ती म्हणाली. तिने आधीच वाचलं होतं.

‘तू कशाला विचार करतेस, काही नसणार’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. हेच वाक्य मला लोकांनी म्हटलं की माझं डोकं फिरतं. म्हणून नाही म्हटलं. “सापडलं तर तुझी तपासणी कधी करायची, ते तू ठरवायचंस,” एवढंच बोलले. तेव्हा ती पहिल्यांदा रडली. मीही. मग तिने विचारलं, सापडलं तर तू दोन्ही स्तन काढशील? मी म्हटलं, मग विचार करावा लागेल. त्या वेळी पूर्ण काढायचं कारण भीती नसेल, जनुक असेल. या दोहोंत मला फरक वाटतो. तिलाही पटलं असावं. निदान तिने वाद घातला नाही, आणि ती प्रत्येक गोष्टीवर वाद घालते.

बुधवार

फिश पॉझिटिव्ह.

म्हणजे क्रम उलटा झाला. आधी केमो आणि हर-टूवरची औषधं, ऑपरेशन नंतर. ट्रास्टुझुमॅब हे त्यातलं मुख्य औषध, अमेरिकेत त्याला १९९८ साली मान्यता मिळाली. त्याआधी हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे वाईट बातमी असायची. आज डॉक्टर म्हणाल्या, “याच्यावर नेमका वार करता येतो.” केमोचे ६ डोस, दर ३ आठवड्यांनी. ट्रास्टुझुमॅब मात्र साधारण वर्षभर. ते हृदयावर परिणाम करू शकतं, म्हणून टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आधी आणि मधूनमधूनही.

घरी मात्र गोंधळ. ननंद समोरच बसली होती. “गाठ आत ठेवून? महिनोन्‌महिने?”

मी समजावायला बसले आणि समजावता समजावता मलाच नीट कळलं. गाठ आत असली की औषध लागू पडतंय का, ते हाताला आणि सोनोग्राफीत कळतं. आधीच काढली तर औषध अंदाजाने द्यायचं. शिवाय ऑपरेशनमध्ये थोडा कॅन्सर उरलेला सापडला तर पुढचं औषध बदलता येतं. गाठ ही सध्या आमची एकमेव मोजपट्टी आहे.

“आणि ती विरघळूनच गेली तर? मग सर्जन काय शोधणार?”

अगदी बरोबर प्रश्न. याच कारणाने उद्या गाठीत एक बारीकशी धातूची क्लिप बसवणार आहेत. गाठ दिसेनाशी झाली तरी जागा सापडावी म्हणून. गाठ नाहीशी होईल अशी तयारी डॉक्टर आधीपासून करून ठेवतात, हे मला गेल्या कित्येक दिवसांत ऐकलेलं सगळ्यात आवडलेलं वाक्य आहे.

शनिवार

क्लिप बसली. पुढच्या आठवड्यात छातीत कातडीखाली पोर्ट, म्हणजे औषध शिरेत सोडायची छोटी डबी, बसवतील; मग दर वेळी हाताची शीर शोधत बसायला नको. दात तपासून आले. केस पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतील म्हणे. त्यावर आत्ता काही लिहायचं नाही. ते होईल तेव्हा बघेन.

फ्रिजवर मोठ्या अक्षरात एकच ओळ चिकटवली आहे: ताप १००.४ किंवा जास्त, लगेच हॉस्पिटलला फोन, रात्र असली तरी. केमोने पांढऱ्या पेशी खाली येतात, तेव्हा साधा ताप साधा नसतो. सकाळपर्यंत थांबू, असं म्हणायचं नाही, हे नवऱ्याला तीनदा ऐकवलं. नवा थर्मामीटर त्याने स्वतःवर वापरून बघितला.

पहिल्या डोसला सोबत यायला ननंदेने रजा टाकली आहे. येताना ती प्रश्नांची यादी आणणार आहे. पहिला प्रश्न मला आत्ताच फोनवर ऐकवला: “गाठ किती कमी झाली ते दुसऱ्या दिवशी कळेल का?”

नाही कळणार, म्हटलं. निदान एक-दोन डोस जाऊ देत.

“ठीक आहे. पण मी रोज विचारणार.”

“आठवड्यातून एकदा विचार.”

“दोनदा,” ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.