फ्रीजमध्ये राहिलेलं मिश्रण

शाळेत पेशीची आकृती काढताना लयकारिका (पेशीतल्या पचनाचं काम करणाऱ्या पिशव्या) म्हणजे चार-पाच गोल ठिपके, बाजूला 'आत्मघाती पिशव्या' लिहायचं, झालं. त्या ठिपक्यांचा शोध कसा लागला ते परवा वाचलं आणि दोन दिवस डोक्यातून गेलंच नाही, म्हणून लिहितेय.

ख्रिस्तियान द दूव, बेल्जियममधल्या लूव्हां विद्यापीठातले शास्त्रज्ञ. 1949 मध्ये ते खरं तर इन्सुलिनच्या मागे होते, उंदराच्या यकृतातल्या साखरेच्या एका एन्झाइमचा (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचा) अभ्यास चालला होता, आणि ॲसिड फॉस्फटेज नावाचं दुसरं एन्झाइम फक्त तुलनेसाठी मोजत होते. आधी यकृत मिक्सरमध्ये फिरवायचे तेव्हा हे एन्झाइम भरपूर सापडायचं. यावेळी साखरेच्या पाण्यात, काचेच्या नळीत दांड्याने हळुवार वाटलं, तर आकडा आला आधीच्या जेमतेम दहा टक्के! मी असते तर काहीतरी चुकलं म्हणून सगळं बेसिनमध्ये ओतून मोकळी झाले असते. त्यांनी ते फ्रीजमध्ये ठेवलं आणि पाच दिवसांनी परत मोजलं, तर एन्झाइम चांगलंच वाढलेलं.

म्हणजे ते कुठे गेलंच नव्हतं हो, पातळ पडद्याच्या पिशवीत बंद होतं. मिक्सरच्या पात्यांनी पिशव्या फाटायच्या, हळू वाटलं की शाबूत राहायच्या, आणि फ्रीजमध्ये दिवसांमागून दिवस गेले तशा झिरपायला लागल्या. शेंग फोडल्याशिवाय दाणा कसा दिसणार!

मला सगळ्यात भारी हे वाटतं की तोपर्यंत ती पिशवी कुणी ओळखलीच नव्हती, नुसत्या आकड्यांवरून ती आहे हे कळलं. 1955 मध्ये द दूव यांनी तिला लायसोसोम (म्हणजेच आपली लयकारिका) हे नाव दिलं, त्याच वर्षी अमेरिकेतून आलेल्या ॲलेक्स नोव्हिकॉफनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तिचे फोटो काढले. 1974 चं नोबेल द दूव, आल्बेर क्लोद आणि जॉर्ज पलाडे या तिघांना मिळालं.

आणि हे पुस्तकापुरतं नाही. पोंपे नावाच्या आजारात या पिशवीतलं एकच एन्झाइम जन्मापासून नसतं किंवा कमी असतं, त्यामुळे ग्लायकोजेन (शरीराने साठवलेली साखर) साचत जातं, लहान बाळांचं हृदय मोठं होतं, स्नायू लुळे पडतात. हे कारण 1963 मध्ये द दूव यांचेच सहकारी हेर्स यांनी शोधलं. आता तेच एन्झाइम सलाइनसारखं शिरेतून देतात, पेशी ते आत ओढून घेते आणि ते जातं थेट त्याच पिशवीत.