शेजारी टॉवर येतोय? आधी बांधकाम क्षेत्र मोजा

प्रस्तावात चटईक्षेत्र (एफएसआयमध्ये मोजलं जाणारं क्षेत्र) १४,००० चौरस मीटर दिसलं की आजूबाजूचे रहिवासी गृहीत धरतात, वीस हजारांच्या मर्यादेच्या आत आहे, म्हणजे पर्यावरण मंजुरी लागणार नाही. मुंबईत सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. ही मंजुरी ज्या नियमाने लागते ती १४ सप्टेंबर २००६ ची ईआयए (पर्यावरणीय आघात मूल्यांकन) अधिसूचना चटईक्षेत्र बघत नाही. २०११ च्या दुरुस्तीने व्याख्या पक्की केली आहे: तळघर आणि सेवाक्षेत्रं धरून सर्व मजल्यांचं एकूण बांधकाम. जिने, लिफ्ट, पोडियमचं (टॉवरखालच्या पसरट मजल्यांचं) पार्किंग, रेफ्युज एरिया (आगीच्या वेळी थांबायची जागा), सगळं त्यात येतं. एफएसआयमधून सुटलेलं एवढं बांधकाम मिळवलं की १४,००० चे २२,००० सहज होतात. म्हणून मंजूर नकाशावरचा एकूण बांधकामाचा तक्ता मागा, एफएसआयचा नव्हे. एकाच पोडियमवरच्या दोन विंगचे दोन वेगळे अर्ज दिसले, तर बेरीज करूनच बघा.

२०,००० च्या वर मंजुरी राज्याच्या पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाची. दीड लाख चौरस मीटर बांधकाम किंवा ५० हेक्टर जागा गाठली की सविस्तर आघात अहवालही लागतो. मंजुरी हातात येईपर्यंत जागेवर कुंपण, तात्पुरत्या शेड अशी किरकोळ तयारीच चालते. पायाचं खोदकाम सुरू झालं असेल तर तारखेसह फोटो काढून तक्रार करा.

सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राची) परवानगी ही वेगळी गोष्ट. कोस्टल रोडला ती होती. तरीही ईआयए अधिसूचनेखालची मंजुरी घेतली नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये ती सीआरझेड परवानगी रद्द केली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं.

इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. इतक्या दाट शहरात ही सूट मला अन्यायकारक वाटते. इतर प्रकल्पांत जिथे सुनावणी होते, तिथे प्रदूषण नियंत्रण मंडळाने किमान ३० दिवस आधी जाहीर सूचना द्यायची असते आणि अहवालाचा सारांश मराठीत ठेवायचा असतो. गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे माणसं आली नाहीत तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवतात. तोवर उठू नका. तुमचा मुद्दा त्यात नसेल तर तिथेच हरकत घ्या, आणि लेखी निवेदनाची पोच आधीच घेऊन ठेवा.

इमारतीच्या बाबतीत खरी लढाई मंजुरीनंतरची. मंजुरी मिळाल्याची जाहिरात विकासकाला सात दिवसांत दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. ती कापून ठेवा. राष्ट्रीय हरित लवादाकडे (पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अपिलाला ३० दिवस मिळतात; सबळ कारण असेल तर आणखी ६०. नव्वद दिवस उलटले की लवादालाही विलंब माफ करता येत नाही. नुसतं ‘झाडं जातील’ लिहून भागत नाही. बांधकाम क्षेत्र कुठे कमी दाखवलं, सांडपाणी कुठे सोडणार, कोणती माहिती दडवली, हे नकाशा आणि अर्जातल्या आकड्यांसह मांडा.

मुदत गेली असेल तर अटींकडे वळा. दर १ जून आणि १ डिसेंबरला विकासकाने अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो. तो मागवा आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र, लावलेली झाडं, पर्जन्यजल टाक्या प्रत्यक्ष जागेवर ताडून बघा.