सीटवरचा पट्टा

खोक्यातून निघालेली मोटरसायकलची सीट फोटोतल्यापेक्षाही देखणी होती. तपकिरी रेक्झिन, चौकटीची शिवण. 'तुमच्या गाडीला तंतोतंत बसेल' अशी हमीही होती. रविवारी दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनी सीट काढली, नवीची पुढची जीभ टाकीखाली सारली आणि मागून दाबली. लॉक लागेना. तळहाताने दाबली, गुडघा टेकवून दाबली, शेवटी वर चढून बसलो. वॉचमन खुर्ची सोडून बघायला आला. म्हणाला, "साहेब, जरा उड्या मारा." मारल्या. तरी तो 'टक्' काही आला नाही. अर्ध्या इंचाने हुकत होतं.

सीट बदलायचं कारण बायको. ठाण्यात कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत एकदाच मागे बसली आणि उतरल्यावर शांतपणे म्हणाली, "पुढच्या वेळी मी बसने येते, तू गाडीने ये, तिथे भेटू." तिचंही खरंच आहे म्हणा. या कंपन्या चालवणाऱ्याला पाट देतात आणि मागच्याला पाटाची कड. त्यात घोडबंदर रोड!

शनिवारी वागळे इस्टेटमध्ये एका सीटवाल्या मामांकडे गेलो. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. दाराशी फोमच्या कातरणांचा ढीग, आत शिवणयंत्र, भिंतीला उलट्या टांगलेल्या पाचसहा सीटा. मामांनी माझी सीट उलटी करून मांडीवर घेतली आणि बोटाने ठोकून पाहिली. मग खालची रबरी बुचं कटरने तासली, दहा नंबरच्या पान्याने लॉकचा आकडा सोडवला, त्याखाली दोन वॉशर घातले आणि परत आवळला. दहा मिनिटं. सीट लावली, मूठ मारली. टक्. माझा सबंध रविवार त्या दोन वॉशरांनी खाल्ला होता.

मी म्हटलं, "आलोच आहे तर मागच्या बाजूला अजून थोडा मऊ फोम घालता का?"

"मऊ मागू नका," मामा म्हणाले. "मऊ बसतं. दोन महिन्यांत खालची पाटी टोचायला लागेल. फोम कडकच पाहिजे."

बसण्याच्या वस्तूने स्वतः बसायचं नाही, हे मला फारच आवडलं. आपल्याकडे काय काय बसतं! गणपती बसतात, घट बसतात, घसा बसतो, धंदा बसतो, घडी बसते, विश्वास बसत नाही, आणि शुक्रवारी संध्याकाळी मित्राचा फोन येतो, "बसायचं का?" या सगळ्यात सीट हा शब्द बिचारा अगदी कोरडा. जुनी माणसं गादी म्हणायची तेच बरं होतं. सायकलच्या गादीलाही गादी आणि शंकराचार्यांच्याही.

तर ती गादी मी निरखून पाहिली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मागच्याने धरायचा मधला पट्टा नव्हता.

"पट्टा आता कोणी लावत नाही," मामा म्हणाले. "शिवण झाकली जाते. पोरांना लुक पाहिजे."

1991 साली बाबांनी हिरो होंडा सीडी 100 घेतली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. लाल टाकी, काळी लांब सीट, आणि सीटवर कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिक. ते कोण काढणार? उन्हात उभी असलेली गाडी आणि माझी हाफ पँट, पुढचं सांगत नाही. मी मध्ये, बाबा आणि आईच्या बेचक्यात. पट्टा बरोबर माझ्या मांड्यांखाली यायचा आणि त्याची दुमडलेली कड रुतायची. आई मागे एका अंगाने, मांडीवर पिशवी, आणि उजव्या हाताने माझ्या मांडीशेजारून तो पट्टा घट्ट धरलेला. नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत खिडक्या फार होत्या. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायची सोय नव्हती. निदान आईला तसं वाटायचं.

दर रविवारी आम्ही कळव्याला मावशीकडे जायचो. तेव्हा खाडीवरचा जुना दगडी पूल चालू होता, आता तो वाहनांना बंद आहे. पूल लागला की खाडीचा वारा यायचा, चिखलाचा वास यायचा, आणि माझ्या मांडीशी किणकिणणाऱ्या बांगड्या उठून वर कानाशी यायच्या. मला मागे वळून बघायची गरज नसे. पूल संपेपर्यंत तो आवाज बाबांच्या उजव्या खांद्यावर. परतीलाही तसंच, आणि तलावपाळीचे दिवे दिसले की बांगड्या पुन्हा मांडीशी. याबद्दल त्या दोघांनी एकमेकांना कधी काही म्हटलं असेल असं मला वाटत नाही.

मागच्या माणसाला धरायला काहीतरी हवं, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतही आहे, 1989 च्या. माझ्या गाडीला मागे दांडी आहे, म्हणजे नियम पाळला गेला. तरी मी मामांना म्हटलं, "पट्टा लावा."

"धरणार कोण?"

"लावा हो."

त्यांनी कातरणातून काळी पट्टी काढली, दुहेरी शिवली, दोन्ही टोकं सीटच्या पाटीखाली स्क्रूने घट्ट केली. तपकिरीवर काळी. दिडशे रुपये, आणि सगळा लुक गेला.

बायको मागे बसून पाहती झाली. सीट बरी आहे म्हणाली. पट्ट्याकडे तिने पाहिलंही नाही, एका हाताने माझा शर्ट धरला आणि दुसऱ्या हाताने मोबाइल.

संध्याकाळी आई कोथिंबीर आणायला खाली उतरली. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली, आणि गुडघ्यांमुळे ती रिक्षाशिवाय कशात बसत नाही. गाडीपाशी थांबली. सीटवरून हात फिरवला, पट्ट्यात चार बोटं घालून एकदा खसकन ओढून पाहिला.

"घट्ट आहे," म्हणाली, आणि पिशवी सावरत गेटकडे निघाली.